पाचव्या अंकात बायजाबाई

माणसं जास्त बोलतात म्हणून गैरसमज होतात, असं माझं ठाम मत होतं. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. रोह्याजवळ धाटावला रंग बनवणाऱ्या एका कंपनीची प्रयोगशाळा सांभाळते. परीक्षानळीत पदार्थ जितके कमी तितकी भानगड कमी, हे मला पक्कं ठाऊक आहे. माणसांचंही तसंच. मोजकं बोला, खरं बोला आणि थांबा! या एका नियमावर मी नोकरी केली, संसार केला, सासूबाईंबरोबर एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली. कधी कपाचा कान तुटला नाही.

याच नियमाने मी आमच्या पुंडलिकला मारलं.

म्हणजे तो आहे अजून. पण त्या दिवशी दुपारी खाडीकाठच्या एका अख्ख्या गावाच्या लेखी तो गेला होता, आणि मी पाठवलेल्या निरोपात एकही शब्द खोटा नव्हता!

ते वर्षच वाईट होतं. कंपनीतला एक प्लांट बंद पडला होता आणि दुसऱ्याचं नाव लोक हळू आवाजात घेत होते, आजारी माणसाचं घ्यावं तसं. शिफ्ट सुटली तरी माणसं गेटवर उगाच रेंगाळत. कॅन्टीनमधला चहा राजीनामा दिल्यासारखा लागायचा. आमचं करमणूक मंडळ दरवर्षी कामगार नाट्यस्पर्धेत एखादा फार्स करायचं. त्या वर्षीही फार्स वाचायला बसलो, तर पहिल्या विनोदाला स्टोअरकीपरने नाक पुसलं. दुसऱ्या विनोदाला कुणीतरी बाहेरच निघून गेलं.

"या वर्षी ट्रॅजेडी!" सुशील म्हणाला. सुशील पर्सोनेल ऑफिसात होता आणि मंडळाचा दिग्दर्शक होता. मुंबईच्या एका नाट्यशिबिराला जाऊन तो दाढी घेऊन परतला होता. "चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक घेऊ मॅडम. इटलीतला राजा, विष, सूड, भूत, सगळं आहे. पण करायचं मॉडर्न!"

"मॉडर्न म्हणजे?"

"राजाच्या डोक्यावर मुकुट नाही. सेफ्टी हेल्मेट!"

"आणि भूत?"

"भुताला गॅस मास्क!"

रूपांतराचं काम माझ्याकडे आलं, कारण जाड इंग्रजी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचते असा कंपनीत माझा लौकिक होता. मी नाटक दोनदा वाचलं. एकदा गोष्टीसाठी आणि एकदा प्रेतं मोजण्यासाठी. नऊ निघाली! त्यातली चार तर एकाच पानावर. आणि आमच्याकडे नट सात.

"मेलेल्यांना मिशा लावून परत पाठवू," सुशील म्हणाला.

"नको. मी मरणं कमी करते," मी म्हटलं.

इटलीचा राजा मी खाडीकाठच्या मिठागरांचा मालक केला. राजवाड्याच्या जागी मिठाचं कोठार आलं. विष देणारा मेहुणा तसाच ठेवला, कारण मेहुणे सगळीकडे असतात. मालकाचं काम अर्थात पुंडलिकला.

पुंडलिक आमचा बॉयलर ऑपरेटर. पेणजवळच्या खाडीतला, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेल्या घरातला. नोकरीसाठी रोह्याला कंपनीच्या खोलीत राहायचा, सुट्टीला गावी आईकडे. आवाज असा, की बॉयलरची शिट्टी बिघडली तर दुरुस्तीची घाई कुणाला नसायची. तालमीत त्याचं आणि माझं रोज वाजायचं.

"मॅडम, इष प्याल्यावर हा मालक येवढा का बोलतो?"

"मूळ नाटकात दीड पान बोलतो. मी अर्धं केलंय."

"अर्धं पन जास्त हाय. पोटात इष गेल्यावर मानूस बोंबलतो, कविता नाय करत."

"इटलीत करतात."

"मंग इटलीचं इष कमजोर असंल!"

खरा वाद झाला तो पाचव्या अंकावरून. मूळ नाटकात राजाचं प्रेत संगमरवरी चौथऱ्यावर ठेवलेलं असतं. सुशीलला त्या जागी माझ्या प्रयोगशाळेतलं टेबल हवं होतं, वर एक ट्यूबलाइट. "थंड! औद्योगिक! मृत्यू!" असं तो हवेत हात फिरवत म्हणाला.

"आमच्याकडं मानसाला टेबलावर नाय नेत," पुंडलिक म्हणाला. "तिरडी पायजे."

बांबूची खरी तिरडी, वर गवत, पांढरं कापड आणि त्यावर सुतळीने बांधलेला जिवंत माणूस! आमच्या भागात अशा गोष्टी गमतीतसुद्धा कुणी करत नाही. मेहुण्याचं काम करणारा फिटर म्हणाला, "मी नाय पडनार बाबा. माज्या घरात समजलं तर मला घरात नाय घेनार."

"तुला कोन पाड म्हनतोय? मी पडतो," पुंडलिक म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "पन मॅडम, आयेच्या कानावर जाता कामा नये. तिनं मला तिरडीवर बघितला तर ती तितंच आडवी पडंल."

"त्या नाटकाला येणार आहेत?"

"तीच तर अडचन हाय." तो खाली बसला. "येवढी वर्सं नाटकात काम करतोय, तिनं येकदा बघितलं नाय. म्हनते, 'तुला रोज बघून मोठा केला. आता तुला बघायला खुर्चीवर कशाला बसू?' मी पन हसून सोडून द्यायचो. पन आता तिचा एक डोळा गेलाय, दुसऱ्यात मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की दार लावून घेते. आनि आपला प्लांट काय ऱ्हात नाय. पुढल्या साली मंडळ कुठलं आनि नाटक कुठलं? तिला दिसतंय तवर येकदा तिनं मला बघायला पायजे. येकदाच, मॅडम."

पुंडलिकने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी त्या रात्री जेवतानासुद्धा याच गोष्टीचा विचार केला आणि सकाळपर्यंत योजना तयार झाली.

प्रयोग पेणला होता, दुपारचा. पुंडलिकची आई बायजाबाई हिला गावाहून जीपने आणायचं, पहिल्या रांगेत बसवायचं. चार अंक ती मुलाला मालक म्हणून गरजताना बघेल. चौथ्या अंकाच्या शेवटी तो विष पितो, तिथे नुसता खाली कोसळतो. आपल्याकडे दारू पिऊनही माणसं तशी कोसळतात. लगेच तिला समोरच्या हॉटेलात चहाला न्यायचं. पाचवा अंक होईल, तिरडी निघेल, पडदा पडेल, आणि चहाचा कप खाली ठेवते तोच मुलगा हेल्मेट घालून समोर हजर! यात कुठे फट आहे का, हे मी पुन्हा पुन्हा तपासलं. नव्हती.

"पन नाटकाला चल म्हटलं की ती येनारच नाय," पुंडलिक म्हणाला. "सुकट निवडायचीय म्हनंल."

"मग नाटक म्हणायचंच नाही," मी म्हणाले.

आणायला जाणार होता विठू. विठू कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर आणि आमच्या नाटकातला खांदेकरी. माणूस सोन्यासारखा, पण पोटात काही राहायचं नाही. त्याच्या बहिणीचं लग्न ठरण्याआधी नवऱ्या मुलाला कळलं होतं! म्हणून पेणला पोचल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. तो सकाळपासूनच कपडे करून तयार होता: पांढरा सदरा, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, डोक्यावर काही नाही.

"विठू, नाटक हा शब्द काढायचा नाही."

"नाय काढत."

"पुंडलिकने बोलावलंय, पेणला यायचंय. एवढंच सांगायचं."

"कशाला म्हनून विचारलं तर?"

"तिथे गेल्यावर कळेल म्हणायचं."

"पुंडलिक बरा हाय ना, असं विचारलं तर?"

"त्यावर काही बोलायचं नाही! तू एक वाक्य बोललास की मागून दहा येतात."

"आनि मला हसू आलं तर मॅडम?"

"हसायचं नाही. हसू आलं तर खाली बघायचं."

"कपडे बदलून जाऊ?"

"वेळ नाही. आहेस तसा जा."

आता तुम्हीच सांगा! खोटं काय होतं त्यात? जास्त काय होतं? पण आमच्याकडच्या गावांत कुणी वारलं की घरच्यांना ते तोंडावर सांगत नाहीत. विशेषतः आईला. कुणीतरी एक माणूस येतो, खाली बघत उभा राहतो आणि म्हणतो, बोलावलंय, चला. कशाला विचारलं तर म्हणतो, तिथे गेल्यावर कळेल. आणि ऐकणाऱ्याला दारातच सगळं कळतं. ही पद्धत मला माहीत नव्हती असं नाही. माझ्या आजोबांची बातमी आमच्या घरी अशीच आली होती. पण मी एक योजना तपासत होते, आणि योजनेत आजोबा नव्हते.

पुढचं विठूने नंतर सांगितलं.

बायजाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. समोर शेजारची धोंडुबाई. जीप थांबली, विठू उतरला आणि सांगितल्याप्रमाणे जमिनीकडे बघत उभा राहिला.

"कोन हाय?" बायजाबाईने डोळ्यांवर हात धरला.

"मी विठू, कंपनीतला. पुंडलिकनं बोलावलंय. पेनला."

"पेनला? तो तर रोह्याला असतो. पेनला कुठं?"

विठू गप्प.

"दवाखान्यात?"

विठू गप्प.

"बरा हाय ना रं माजा पोर?"

विठूला खरंच हसू येत होतं, असं तो म्हणतो. एवढा मोठा आनंद आणि तो पोटात ठेवायचा! त्याने मान अजून खाली घातली.

"तिथं गेल्यावर कळंल," तो म्हणाला.

बायजाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. धोंडुबाई उठली, आपल्या घरात गेली आणि सुतकात चूल पेटती नको म्हणून आधी तिच्यावर पाणी ओतून आली. मग दोघींनी जो टाहो फोडला, त्याने पलीकडच्या मिठागरावरची माणसं फावडी टाकून धावत सुटली.

विठू घाबरला. "नाय नाय, तसं काय नाय!" तो ओरडला. पण हेसुद्धा त्या निरोपातलंच वाक्य! तसं काय नाय असं सांगायला कुणी उघड्या डोक्याने इतक्या लांब येतं का?

"आये, खरंच सांगतो, राजासारखा हाय तो!"

"राजासारखा पोर गेला गोऽऽ!" धोंडुबाईने सूर धरला.

शेवटी त्याने सगळं सोडून दिलं. "अवो, नाटक हाय! पेनला नाटक हाय त्याचं!"

भावकीतले थोरले बाबाजी पुढे आले. त्यांनी विठूच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हातारीला धीर यावा म्हनून बोलतोस, समजलो आमी. भला मानूस हायस. चल, गाडी काढ."

गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. तो गणपतीपासून बंद. बाबाजींनी सूत्रं हातात घेतली. शहरात बांबू चांगला मिळत नाही म्हणून बांबू तोडला. मडकं घेतलं, सुतळी घेतली. बायाबापड्या जीपमध्ये आणि भावकी मिठाच्या टेम्पोत. बांबू बाहेर आलेला तो टेम्पो वडखळच्या रस्त्याने निघाला, तेव्हा समोरून येणाऱ्या गाड्या आपणहून बाजूला होत होत्या. विठू जीप चालवत होता आणि आता तोही रडत होता. एवढी माणसं रडतायत म्हटल्यावर मागे काही झालं असेल की काय, अशी त्याला स्वतःलाच शंका आली होती!

इकडे पेणच्या सभागृहात आमचा प्रयोग सुरू झाला. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. एकदा मेहुण्याची नजर तिकडे गेली आणि तो वाक्य विसरला. दर प्रवेशानंतर पुंडलिक आत येऊन विचारायचा, "आली का मॅडम?"

"येतीलच."

दुसरा अंक झाला. "आली का?"

"रस्त्यात ट्रक आडवे असतील."

तिसऱ्या अंकानंतर त्याने विचारलं नाही. नुसतं पडद्याच्या फटीतून बघितलं आणि हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. चौथ्या अंकात तो असा गरजला, की परीक्षक म्हणून आलेले वयस्कर गृहस्थ खुर्चीत मागे सरकले. मग विष पिऊन तो कोसळला. पडदा पडला, तरी तो बराच वेळ उठला नाही.

"जाऊ दे मॅडम," तो पडल्या पडल्या म्हणाला. "निदान तिरडी तरी नाय दिसनार तिला."

मेकअपला काळुराम होता. तो पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा. हात बारीक, पण सवय वाईट. त्याने पुंडलिकला मेल्याचा रंग दिला आणि मी बघितलं, तर प्रेत आशीर्वाद द्यायच्या बेतात!

"काळुराम, प्रेत आहे ते. प्रसन्न नको!"

"मॅडम, आपल्या हातून रडका चेहरा निघत नाय वो."

गालावरची लाली मीच पुसली, पांढरा थर दिला, आणि घामाने तो उतरू नये म्हणून आधी चेहऱ्यावर, हातांवर स्पिरिट चोळलं होतं. कातडी गार पडली होती. सुतळीच्या गाठी मी स्वतः मारल्या. माझी गाठ कधी सुटत नाही.

पाचवा अंक उघडला. मंद निळा उजेड, मधोमध तिरडी, बाजूला मालकिणीच्या भूमिकेत अकाउंट्सची मृणाली. तिने पहिलं वाक्य म्हटलं मात्र, सभागृहाचं मागचं दार उघडलं आणि हंबरडा ऐकू आला.

दारावरच्या माणसाला सुशीलने सकाळीच बजावलं होतं, "आमचं नाटक मॉडर्न आहे. पात्रं प्रेक्षकांतून येतील. अडवायचं नाही!" त्याने अडवलं तर नाहीच, उलट दोन्ही दारं उघडून धरली, बांबू आत यावा म्हणून.

मधल्या वाटेने बायजाबाई येत होती. एका बाजूला धोंडुबाई, मागे बायका, त्यांच्यामागे खाली मान घातलेली भावकी. एवढी माणसं शेवटच्या दर्शनालाच जमलीत, अशी त्यांची समजूत झाली असणार. दिव्यांच्या उजेडात तिला एवढंच दिसत असणार: एक तिरडी, एक पांढरं कापड. ती पायऱ्या चढली. हातांनी चाचपत तिरडीपाशी बसली आणि तिने पुंडलिकच्या गालाला हात लावला. गाल गार!

"माज्या राजा रंऽऽ!" ती म्हणाली, आणि मी विंगेतल्या पडद्याच्या दोरीकडे धावले.

"पडदा टाका!" मी दोरीवाल्याला म्हटलं. दोरीवाला हात जोडून उभा होता.

सुशीलने माझा दंड धरला. "मॅडम, तुम्ही पाचवा अंक बदललात? मला न सांगता? अप्रतिम!"

"अहो, ती त्याची खरी आई आहे!"

"कास्टिंग तर फारच अप्रतिम!"

बायजाबाई बोलत होती. आमच्याकडच्या बायका रडतात ते नुसतं रडणं नसतं, माणसाच्या तोंडावर कधी न बोललेलं सगळं त्यात येतं. "सुट्टीला यायचास, भिंतीपल्याड येकटाच बोलत बसायचास रं. तुला वाटायचं आये झोपली. मी जागी असायची. समदं आइकायची. कसा बोलायचास! पन तोंडानं येकदा बरं नाय म्हनले रं तुला. ये म्हनलास, मी नाय आले. आता कुनाला बघू, आता कुनाला आइकू रंऽऽ!"

मृणाली आपलं काम विसरून तिच्या शेजारी बसली आणि हमसून रडायला लागली. सभागृहात नाकं पुसल्याचे आवाज. आणि पुंडलिक? तो हलला नाही! पापणीसुद्धा नाही! मला वाटलं, भीतीने शुद्ध गेली त्याची. मी विंगेतून हळू हाका मारल्या. काही नाही. छातीसुद्धा हलत नव्हती.

तेवढ्यात बाबाजी पुढे आले, वाकून तिरडी बघितली आणि म्हणाले, "ही कुनी बांधली? धा गाठी मारल्यात, येक धड नाय."

"काका, आमचं..." विठू सोडून खांदेकरी झालेले आमचे तिघे पुढे सरसावले. त्यांना संहितेप्रमाणे तिरडी उचलून उजव्या विंगेत जायचं होतं.

"बाजूला व्हा. भावकी उभी हाय, परक्यांनी खांदा द्यायचा नाय."

एरवी युनियनच्या सभेत कुणालाही न जुमानणारे ते तिघे निमूट बाजूला झाले. चार खांदे लागले, तिरडी उठली, पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेने दाराकडे निघाली. प्रेक्षक उठून उभे राहिले. परीक्षक उठून उभे राहिले. शेवटी दोरीवाल्याला सुचलं आणि त्याने पडदा सोडला. रिकाम्या रंगमंचावर पडदा पडला, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छतावरची कबुतरं उडाली.

मी मागच्या दाराने धावले. आवारात पोचले तेव्हा मिरवणूक फाटकापाशी आली होती. ऊन कडक होतं. चार खांद्यांवर झोपलेल्या पुंडलिकने तेव्हाच डोळे उघडले. नंतर त्याने मला सांगितलं, "डोळं उघडलं तर छताऐवजी आभाळ! मला वाटलं सुशीलसायबांनी काय तरी मॉडर्न केलंय." आणि शेजारून आईचा आवाज येत होता. आई आली होती, आई नाटक बघून रडली होती. त्याने मान जरा वळवली आणि विचारलं,

"आये, कसा झाला गो?"

चारही खांदे एकदम निघाले!

पुंडलिक तिरडीसकट जमिनीवर आपटला. भावकी फाटकाबाहेर. बाबाजी टेम्पोच्या मागे. धोंडुबाईने मडकं सोडलं आणि पदर तोंडावर घेतला. एकटी बायजाबाई जागची हलली नाही. ती खाली बसली, त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. पांढऱ्या रंगातून डोळ्यांचं पाणी गालावर आलेलं होतं. ते तिच्या बोटांना गरम लागलं असणार.

"जिता हायस?"

"व्हय गो आये. हात दे, खांदा मोडला वाटतं."

तिने हात दिला. तो त्याच्या थोबाडीत! मग दुसऱ्या बाजूला एक. मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती गाठी सोडायला लागली, आणि त्या सुटेनात.

"मी ऐकलं समदं," पुंडलिक म्हणाला. "मला वाटलं माजं काम बघून रडतेस. येवढं बरं वाटलं गो! म्हनलं आता श्वास पन नाय घ्यायचा. जेवडा मेल्यासारखा पडंन तेवडी ती खूस हुईल."

मी कात्रीने सुतळी कापली आणि हात जोडले. बायजाबाईने माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी उभी होते त्या दिशेला.

"तूच का गो ती मॅडम? तू लिवलंस हे?"

"हो."

"माजा पोर मरतो?"

"हो."

"बाकीची?"

"मालकीण मरते. मेहुणा मरतो. मालकाचा मुलगाही मरतो शेवटी."

"मंग उरतं कोन?"

"कुणीच नाही."

ती विचारात पडली. "समदीच मेल्यावर अग्नी कोन देनार गो? चार खांदं तरी ठेवायची."

चारशे वर्षांत त्या नाटकावर पुष्कळ लिहिलं गेलंय. हे कुणी विचारलेलं मला आढळलं नाही.

पुंडलिकचा खांदा निखळला होता. पंच्याने हात बांधून त्याला आत नेऊन बसवलं, कारण प्रयोगानंतर परीक्षक चार शब्द बोलायचे. भावकी आता पहिल्या रांगेत बसली. बायजाबाई पहिल्या अंकापासून रिकाम्या असलेल्या खुर्चीवर, मुलाचा चांगला हात दोन्ही हातांत धरून. पडद्यामागे सामान उचलण्याची गडबड चालू होती. पुढच्या मंडळाला रंगमंच द्यायचा होता. आमचं नाटक संपलं होतं आणि पुढल्या साली मंडळ नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

परीक्षकांनी घसा साफ केला. सेफ्टी हेल्मेटची कल्पना त्यांना धाडसी वाटली. मालकाचा आवाज दमदार वाटला. "पण अखेरचा विलाप लांबला," ते म्हणाले. "वृद्धेचं काम करणाऱ्या बाईंची मेहनत दिसते, मात्र तो शोक खरा वाटत नाही. ते दुःख आतून यायला हवं होतं."

सुशील दाढी ओढत होता. मी जमिनीत कुठे फट आहे का ते बघत होते.

"काय म्हनतोय तो?" बायजाबाईने विचारलं.

पुंडलिक म्हणाला, "तुजं रडनं खोटं वाटलं म्हनतात आये."

"खोटं?"

"व्हय."

तिने ते मनाशी घोळवलं. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. ती उठली, चाचपत परीक्षकांपर्यंत गेली आणि त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "खोटंच रं बाबा! खोटंच निघालं ते! तुज्या तोंडात साखर पडो!" आणि तिला असं रडू फुटलं, की ती त्यांच्या पायाशी मटकन खाली बसली. दिसणाऱ्या डोळ्यातून पाणी, न दिसणाऱ्या डोळ्यातून पाणी.

परीक्षकांनी गोंधळून सुशीलकडे बघितलं. तो त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "बाई अजून भूमिकेत आहेत, सर."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, तिच्याकडे नीट निरखून बघितलं आणि हळहळून म्हणाले,

"अहो बाई, मग हेच तुम्ही स्टेजवर का नाही केलंत!"